दावं

ॲक्रनमध्ये नोव्हेंबरात साडेचारलाच दिवे लागतात.
दवाखान्याचा दुसरा मजला, तीन खुर्च्या :
एक ग्वेनची, एक तुलसीराम बांची,
आणि जरा मागे सरकवलेली, माझी.
दुभाष्यानं दिसू नये, असं शिकवलंय आम्हाला.
काच व्हावं.

काचेवरही वाफ धरते.

"गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा उदास वाटलं?
मुळीच नाही, काही दिवस,
निम्म्याहून जास्त दिवस, की जवळजवळ रोज?"
बा विचारतात, कुठले दोन आठवडे?
त्यांच्या हिशेबी तीस वर्षं एका रात्रीएवढी
आणि हा मंगळवार काही केल्या सरत नाही.

आमच्या नेपाळीत डोकं निराळं, मन निराळं.
डोकं बिघडलं तर घराला डाग, पोरीचं ठरलेलं मोडतं.
मन दुखलं तर शेजारीण चहा घेऊन येते.
मला ठाऊक होतं हे. तरी पहिल्या वर्षी, घाईत,
इंद्रमायाला मी सांगून बसले :
तुझ्या डोक्याचा आजार आहे.
तिनं शाल सावरली, हसली,
म्हणाली, माझे तर गुडघेच दुखतात गं.
परत आली नाही.
अजून किराणा दुकानात मला पाहिलं की
ती मोहरीच्या तेलाच्या डब्यांआड वळते.

आज सावकाश. आज "मन".

"इतरांना ऐकू येत नाहीत असे आवाज
तुम्हाला ऐकू येतात का?"
बा चटकन, खुशीतच, म्हणाले : हो तर!
घंटा. तारीची.

माझी जीभ टाळ्याला चिकटली.
फॉर्मवर या उत्तराला एक चौकोन आहे,
आणि चौकोनामागे गोळ्यांची बाटली.
दुभाष्यानं स्वतः काही विचारायचं नसतं.
मी विचारलं : केव्हा ऐकू येते, बा?

बर्फ पडायला लागला की.
सगळं गप्प होतं ना, तेव्हा.

मग थोडं थोडं, भिजलेली गाठ सुटावी तसं.
चिराङचा डोंगर. झाडांवर संत्री तशीच,
वेलची वाळत घातलेली.
दुपारपर्यंतची मुदत. सही घेतली,
फोटो काढला, हसा म्हणाले.
बैल सोडले, शेळ्या सोडल्या : जावा, रान आहे.
ट्रक वळणापार गेल्यावर आठवलं,
तारी मागच्या गोठ्यात.
तिचं दावं सोडायचं राहिलं.

बायको छावणीत तापानं गेली,
हे त्यांनी बाजारभाव सांगावा तसं सांगितलं.
दाव्यापाशी आवाज थांबला.

मी सगळं इंग्रजीत नेलं.
दाव्याला तिथं शब्द मिळाला,
शेणाचा वास मिळाला नाही.

ग्वेननं पेन ठेवलं. बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली, विचार त्यांना, कशी होती दिसायला?
तांबडी, बा म्हणाले. कपाळावर चांदणी,
आणि अंगठा टेकवून दाखवली
स्वतःच्याच कपाळावर.

नववा प्रश्न राहिला होता.
तो टाळता येत नाही, टाळूही नये.
मी खुर्ची पुढे ओढली :
बा, मन कधी इतकं जड होतं का,
की स्वतःसकट कुठंतरी खाली ठेवून द्यावं?

रेडिएटर खडखडला.
बा खिडकीकडे बघत राहिले, मग म्हणाले,
"काही दिवस."
फॉर्मवरचेच शब्द. इतके नेमके.

तास कधीच संपला होता. कुणी उठलं नाही.
कागदावर जावयाचा नंबर आला, रात्रीचा एक नंबर आला,
अंगणवाफ्यातल्या राईबद्दल बरंच बोलणं झालं,
आणि येणारा मंगळवार. त्यानंतरचाही.

खाली बसथांब्यावर मी त्यांच्या शेजारी उभी राहिले.
हे माझ्या कामात बसत नाही.
भुरभुर सुरू झाली. रस्ता हळूहळू मुका झाला.
ऐकू येते का, बा?
त्यांनी कानटोपी वर सरकवली,
हातानं मला गप्प केलं.

आम्ही दोघं थांबलो, ऐकत.